ताण ओळखणारे प्रथिन

मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात बहार धरायचा तर आधी बागेला ताण द्यावा लागतो. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत आणि मृगासाठी मे महिन्यात पाणी तोडतात, पाने मलूल झाली की ओलीत करतात आणि नवतीबरोबर फुले येतात. पाणी तुटल्याचे झाडाला कळते, हे बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. पण पेशीत ते नेमके कोणाला कळते? या प्रश्नाचे पक्के उत्तर 2009 साली मिळाले. तोवरच्या शोधाचा धडा असा, की निरोपाचा रेणू एखाद्या प्रथिनाला चिकटतो, एवढ्यावरून ते प्रथिन त्या निरोपाचे ग्राही ठरत नाही.

निरोप आधी सापडला होता, आणि तोही वऱ्हाडाच्या ओळखीच्या पिकात. 1963 मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे ॲडिकॉट आणि ओकुमा यांच्या गटाने कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून गळ घडवणारे एक द्रव्य वेगळे केले. त्याला पुढे ॲबसिसिक आम्ल हे नाव मिळाले. मुळांना पाणी कमी पडले की झाडात त्याचे प्रमाण वाढते आणि पानांवरची रंध्रे मिटतात. मात्र हा रेणू लहान आणि काहीसा स्निग्ध आहे. पेशीतल्या हजारो प्रथिनांपैकी कशालाही तो सैलसा लागू शकतो. त्यामुळे किरणोत्सारी खूण केलेले आम्ल प्रथिनांच्या मिश्रणात मिसळून चिकटलेले ते वेगळे काढायचे, ही सरळ वाट फसवी ठरली. 2006 मध्ये फुलोऱ्याशी संबंधित एफसीए हे प्रथिन ग्राही म्हणून जाहीर झाले. न्यूझीलंडच्या संशोधकांना ते आम्लाला चिकटतानाच दिसले नाही आणि 2008 मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. 2007 मध्ये जीसीआर2 पुढे आले. पण ते काढून टाकलेली रोपेही आम्लाला नेहमीसारखाच प्रतिसाद देतात, असे इतर गटांनी दाखवले.

खरे ग्राही दोन वेगळ्या वाटांनी हाती लागले. शॉन कटलर यांच्या गटाने पायराबॅक्टिन हे कृत्रिम रसायन वापरले आणि त्याला दाद न देणाऱ्या रोपांतून पीवायआर1 हे प्रथिन ओळखले. जर्मनीत एर्विन ग्रिल यांच्या गटाने आधीच माहीत असलेले एबीआय2 हे फॉस्फेटेज एन्झाइम गळाला लावून त्याला धरणारे प्रथिन शोधले, आणि ते त्याच कुटुंबातले निघाले. आम्ल पोकळीत बसले की या प्रथिनाचे झाकण मिटते, ते एबीआय गटातील फॉस्फेटेजला जखडते, आणि त्याच्या धाकात असलेले कायनेज मोकळे होऊन रंध्र मिटवण्याचे काम सुरू करते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. ॲराबिडॉप्सिस या रोपात या कुटुंबाची 14 प्रथिने आहेत. एक काढले तर दुसरे त्याचे काम उचलते, मग ‘काढून पाहा’ या कसोटीला काय अर्थ? अर्थ असा, की कसोटी पुरी लावावी लागते. चार जनुके एकत्र निकामी केल्यावर रोप आम्लाला जवळजवळ बधिर झाले. 2009 सालीच ही साखळी शुद्ध केलेल्या प्रथिनांनिशी परीक्षानळीत उभी करता आली. चिकटणे, उणीव जाणवणे आणि नव्याने घडवता येणे या तिन्ही पुराव्यांचा मेळ बसला, म्हणून हा दावा टिकला.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: संत्र्याच्या बागेला याचा काय उपयोग? ताणामुळे फुले येण्याची सारी यंत्रणा या एका प्रथिनात आहे, असे म्हणणे चुकीचे ठरेल; बहारामागे फुलोऱ्याची वेगळी जनुकेही आहेत. पण झाड पाणी किती उडवते, हे रंध्रे ठरवतात. ग्राहीची पोकळी माहीत झाल्यामुळेच 2015 मध्ये तिचा आकार बदलून मँडिप्रोपामिड या बुरशीनाशकाने रंध्रे मिटवता आली, आणि 2019 मध्ये ओपाबॅक्टिन हे अधिक प्रभावी रसायन घडवता आले. मोसंबीतही या कुटुंबाची प्रथिने ओळखली गेली आहेत. अप्पर वर्धा धरण उशाशी असूनही ज्या भागात बोअर खोल-खोल जातात, तिथे जंबेरी आणि रंगपूर लाइम या खुंटांवरच्या झाडांत ही प्रथिने कशी वागतात, हे तपासणे अगत्याचे आहे. आणि ताण सोसण्याची शक्ती देतो म्हणून एखादा फवारा विकला जाईल, तेव्हा बागायतदारानेही हीच कसोटी मागावी: तो कोणत्या प्रथिनावर काम करतो, आणि ते प्रथिन नसलेल्या झाडात त्याचा परिणाम थांबतो का?