मावळातील यंत्रयुगाच्या खुणा

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघालेला प्रवासी सोमाटणे फाट्यावर थांबतो तो बहुधा चहापुरता. पुढे त्याचे चित्त लोहगडाच्या तटांकडे किंवा कार्ल्याच्या लेण्यांकडे लागलेले असते. ज्यास मात्र यंत्रयुगाचा इतिहास प्रत्यक्ष भूमीवर पाहण्याची हौस आहे, त्याने याच फाट्यावरून सहलीस आरंभ करावा. कारण तळेगाव, खंडाळा आणि खोपोली ही आपल्या औद्योगिक इतिहासातील तीन मातबर ठिकाणे पाहून दिवेलागणीपर्यंत सुखेनैव परतता येते.

लगतच्या तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून जमविलेल्या या निधीस लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभला, आणि जपान व अमेरिका येथे काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी भट्टीचा भार उचलला. विलायती मालाशी झुंजताना कारखान्याची जमाखर्चाची वही काय सांगत होती हा प्रश्न गौण आहे. येथे हात बसलेले कारागीर पुढे परप्रांतांतील कारखान्यांत पोहोचले, हेच त्या पैशाचे खरे व्याज होय.

तळेगावाहून लोणावळ्यास लोकलने जावे, मोटारीने नव्हे, कारण पुणे-खंडाळा हा लोहमार्गच मुळी १८५८ सालचा आहे. त्या वेळी गाडी खंडाळ्यास थांबे, आणि खालच्या खोपोलीपर्यंत उतारूंना पालखी, तट्टू वा पायांचा आश्रय घेऊन घाट उतरावा लागे. सुमारे अठराशे फूट चढणारा, पंचवीस बोगद्यांचा बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला खरा; परंतु पटकी, ज्वर आणि सुरुंग यांनी त्यात हजारो मजुरांचा बळी घेतला, आणि त्यांची नावे कोणत्याही दफ्तरात सापडत नाहीत. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच अल्पावधीत मरण पावला, तेव्हा त्याची विधवा ॲलिस हिने मक्ता न सोडता जाणत्या अभियंत्यांच्या हाती काम सोपवून ते तडीस नेले. कड्यावर वळण घेण्यास जागाच नसल्यामुळे अभियंत्यांनी मोठी नामी तोड काढली: गाडी चढून एका टोकाशी थांबे, इंजिन सोडवून मागच्या बाजूस जोडीत, आणि शेपूट ते मस्तक होऊन गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. १९२९ साली मार्ग बदलून हे रिव्हर्सिंग स्टेशन बंद झाले. पुढील वर्षीच्या १ जून रोजी दख्खनची राणी विजेच्या बळावर धावू लागली.

विजेची कथा घाटाखाली खोपोलीस ऐकावी. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी वीज मिळावी म्हणून टाटांनी लोणावळा, वळवण व शिरवता येथे पाणी अडविले. जे पाणी स्वभावतः पूर्वेकडे भीमेत जावयाचे, ते प्रचंड नळांतून सुमारे सतराशे फूट खाली सोडले, आणि त्या वेगाने पेल्टन चक्रांच्या वाट्यांवर आदळून त्याने १९१५ पासून वीज निर्माण केली; शीण झालेले ते पाणी मग पाताळगंगेस मिळते. वीजगृहात परवान्यावाचून प्रवेश नाही, पण डोंगरावरून उतरणारे नळ रस्त्यावरूनही दिसतात. हा वैभवाचा देखावा पाहताना शेजारच्या मुळशी खोऱ्याचे स्मरण ठेवावे: तेथे टाटांच्याच धरणाखाली जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला, आणि सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास पत्करला.

इंग्लंडातील आयर्नब्रिज येथे १७७९ चा लोखंडी पूल जतन करून त्याच्या भोवतालच्या साऱ्या खोऱ्याचे संग्रहालय बनविले आहे. आमच्या घाटातील १८३० चा अमृतांजन पूल मात्र एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा सापडल्याची संधी साधून, सुरुंगाने पाडण्यात आला. वाहतुकीची अडचण खरी होती, हे मान्य करूनही त्या घाईबद्दल मला खेद वाटतो.

उरलेल्या खुणा जपण्यासाठी वाहनतळ, उपाहारगृह आणि भव्य इमारत यांची तजवीज होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. रेल्वे खाते, वीज कंपनी आणि तळेगावची नगरपरिषद यांनी आपापल्या जागी एकेक सविस्तर मराठी फलक उभारावा, आणि घाटाच्या फलकावर मेलेल्या मजुरांचा उल्लेख आरंभीच करावा.