टाकी वाचते, नळी गोठते

२००५ साली ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामांचे नियम कडक झाले आणि खिडक्या धुणाऱ्या अनेकांनी शिडी सोडून लांब दांडा हाती घेतला. व्हॅनमधल्या टाकीतून पंप पाणी ढकलतो, बारीक नळीतून ते दांड्याच्या टोकावरच्या ब्रशपर्यंत चढते. धुतलेली काच कोणी पुसत नाही, तरी डाग पडत नाहीत. कारण रिव्हर्स ऑस्मोसिस आणि नंतर रेझिन वापरून पाण्यातले क्षार आधीच काढलेले असतात. पाणी वाळते तेव्हा मागे काहीच उरत नाही.

हिवाळ्यात मात्र याच शुद्धतेमुळे सोपा उपाय हातचा जातो. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकून गोठणबिंदू खाली आणतो. तसे मीठ किंवा गाडीचे कूलंट टाकीत घातले, तर पाणी गोठणार नाही, पण काचेवर ओघळ मात्र राहतील. मग नळाचे साधे पाणी जास्त टिकाव धरते का? तेही नाही. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असले, तरी गोठणबिंदू जेमतेम ०.०२ अंशाने उतरतो.

आधी गोठते काय, हे कळले की निम्मे काम झाले. शून्य अंशावरच्या एक किलो पाण्याचा बर्फ होताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. ४०० लिटरच्या टाकीसाठी हा हिशेब सुमारे ३७ युनिट विजेइतका होतो. ब्रिटनमधल्या नेहमीच्या थंडीत एका रात्रीत एवढी उष्णता निसटत नाही, त्यामुळे टाकी बहुधा वाचते. नळीचे तसे नाही. सहा मिलिमीटर पोकळीच्या शंभर मीटर नळीत तीन लिटरही पाणी मावत नाही, आणि ते लांबवर पसरलेले असल्याने झपाट्याने निवते.

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. बर्फाचा बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये पाणी कोंडले, की दाब वाढत जातो आणि सर्वांत कच्चा भाग फुटतो. पुष्कळदा तो पंपाचा प्लास्टिकचा माथा असतो किंवा एखादा सांधा. म्हणून तडा बर्फ धरलेल्या जागीच जाईल असे नाही. रिव्हर्स ऑस्मोसिसचा पडदा तर त्याहून नाजूक. क्षार अडवणारा त्याचा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. ओला पडदा गोठून एकदा फाटला, की दुरुस्ती नाही.

त्यामुळे संध्याकाळचा शिरस्ता ठरलेला असतो. टाकीची तोटी बंद करून पंप थोडा वेळ चालवायचा, नळी हवेने रिकामी करायची, तोंडे उघडी ठेवायची. दांडा, ब्रश आणि फिल्टर घरात न्यायचे. व्हॅनमध्ये थर्मोस्टॅट असलेला लहान हीटर पुरतो, कारण तापमान शून्याच्या थोडे वर राहिले तरी भागते. एवढे करूनही सकाळी पाणी येत नसेल, तर पंपाचे बटण दाबायचे नाही. आधी बर्फ वितळू द्यायचा.

काम सुरू झाले की धोका जागा बदलतो. काचेवरून ओघळलेले पाणी फरसबंदीवर गोठते आणि येणारा-जाणारा घसरतो. तिथे मात्र मीठ खुशाल टाकावे. काचेपासून ते दूर राहिले, म्हणजे झाले.