भाड्याच्या गुदामांतील अवजारांचा विमा

नांगर, पाभर व कोळपीं पडवींत सुखानें राहत असत, तोंवर अवजारें कोठें ठेवावीं हा प्रश्न शेतकऱ्यास फारसा पडत नसे. आतां रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र, पाणबुडी मोटारी, तांब्याची केबल व ठिबकाच्या नळ्या यांस ती जागा पुरेनाशी झाली आहे. जो शेतकरी आपलीं यंत्रें भाड्यानें देऊन जोडधंदा करितो, त्यास तर बाजाराच्या गांवीं रस्त्यालगत एखादा गाळा किंवा पत्र्याची खोली घेणेंच सोयीचें पडतें. खोलीचें भाडें ठरवितांना आपण घासाघीस करितों, कुलूपही चांगलें पाहून घेतों. परंतु आंतील चार-पांच लक्षांच्या मालास आग लागली किंवा चोरी झाली, तर नुकसान कोणाच्या माथीं, याचा विचार बहुधा होत नाहीं.

सर्वसाधारण समजूत अशी आहे कीं, मालकानें इमारतीचा विमा उतरविला असला म्हणजे आपला मालही त्यांत आलाच. ही समजूत निखालस चुकीची आहे. ज्याचा ज्या वस्तूंत हितसंबंध, त्यापुरताच त्याचा विमा. मालकाचा हितसंबंध भिंतींत व छपरांत. आपल्या मळणी यंत्राशीं त्याच्या विमापत्रास कांहीं कर्तव्य नाहीं. मग मालकाकडूनच भरपाई मागावी, असें कोणी म्हणेल. सन १८७२ च्या करार कायद्याच्या १५१ व्या कलमाप्रमाणें, ज्याच्या ताब्यांत माल सांभाळावयास दिला, त्यानें सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या मालाची घेतो तितकी काळजी घेतली पाहिजे. परंतु येथें किल्ली कोणाजवळ आहे हें पहावें. खोली भाड्यानें घेऊन कुलूप आपलें लाविलें, तर माल आपल्याच ताब्यांत राहिला, आणि मालकावर ती जबाबदारी सहसा येत नाहीं. सन १९५७ मध्यें स्थापन झालेल्या राज्य वखार महामंडळाच्या वखारींत धान्य ठेवून जी पावती मिळते, तिच्याशीं अशा खोलीच्या भाडेचिठ्ठीची गल्लत करूं नये.

तेव्हां विमा आपला आपणच उतरविला पाहिजे. ज्यांनीं घरीं किंवा शेतावरील शेडमध्यें असलेल्या अवजारांचा विमा पूर्वींच उतरविला आहे, त्यांनींही निर्धास्त राहूं नये. विमापत्रावर जें ठिकाण लिहिलें असेल, त्या ठिकाणापुरतेंच संरक्षण असतें. प्रमाणित आग-विमापत्रांत असें कलम आहे कीं, नमूद जागेवरून माल दुसरीकडे हलविला असतां त्याची भरपाई मिळणार नाहीं; अपवाद फक्त दुरुस्ती अथवा साफसफाई अशा कामासाठीं तात्पुरत्या हलविलेल्या यंत्रांचा, व तोही ६० दिवसांपर्यंत. पावसाळ्यापूर्वीं घरून गाळ्यांत नेलेलें पेरणी यंत्र या अपवादांत बसत नाहीं. कंपनीस लेखी कळवून नवें ठिकाण विमापत्रावर चढवून घ्यावें, आणि तें पत्र जपून ठेवावें.

याच विमापत्रांत दुसरें एक कलम आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें अधिक घातक आहे असें आमचें मत आहे. माल असलेली इमारत ३० दिवसांहून अधिक काळ वापराविना पडून राहिली आणि कंपनीची संमति आधीं घेतली नसली, तर विमा लागू राहत नाहीं. शहरांतील व्यापाऱ्याचें दुकान रोज उघडतें. आपलें मळणी यंत्र मात्र सुगी संपली कीं पुढील हंगामापर्यंत कुलुपांत पडतें! ही गोष्ट अर्जांतच स्पष्ट लिहावी व संमति मागावी.

चोरीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. आग-विम्यांत वीज, वादळ व पूर येतात, परंतु साधी चोरी येत नाहीं. घरफोडीच्या विम्यांतही मुख्य शब्द ‘फोडणें’ हा आहे. सर्वोच्च न्यायालयानें सन २००४ मध्यें असा निर्णय दिला कीं, विमापत्रांत बळजबरीनें प्रवेशाची अट असेल तर तिच्याशिवाय झालेल्या चोरीची भरपाई मागतां येत नाहीं. म्हणून दुसऱ्या किल्लीनें कुलूप उघडून कोणी केबल नेली, तर दावा अडावयाचा. खोलीची दुसरी किल्ली कोणाजवळ राहूं द्यावी, याचा विचार त्या दृष्टीनें करावा. उंदरांनीं कुरतडलेल्या नळ्या व गंजलेले फाळ यांची भरपाई तर कोणत्याच विम्यांत मागूं नये.

हप्ता वांचविण्यासाठीं किंमत कमी लिहिण्याची खोड आपल्यांत फार आहे. चार लक्षांच्या अवजारांचा दोन लक्षांवरच विमा उतरविला आणि एक लक्षाचें नुकसान झालें, तर सरासरीच्या नियमानें पन्नास हजारच हातीं येतात. लहान धंद्यांकरितां ता. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या विम्यांत शेंकडा १५ पर्यंतची तूट माफ आहे. त्याहून अधिक नाहीं. भरपाई नव्या यंत्राच्या किंमतीनें कीं झीज वजा करून, हेंही आधींच विचारावें. ट्रॅक्टरचा सक्तीचा विमा केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीचा असतो. त्यावर अवजारांची भिस्त ठेवूं नये.

अवजारांची यादी करून तींत इंजिन व मोटारींचे क्रमांक लिहावे, आणि यादी, पावत्या व छायाचित्रें गुदामांत न ठेवितां घरीं ठेवावीं. यादीही मालाबरोबर जळाली तर ती करून उपयोग काय? नुकसान होतांच कंपनीस कळवावें, चोरी असल्यास पोलिसांत फिर्याद नोंदवावी, आणि आगीच्या बाबतींत १५ दिवसांचे आंत तपशीलवार लेखी दावा द्यावा. कंपनीचा सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत जळकें लोखंड जागेवरून हलवूं नये, व भंगारवाल्यास तर मुळींच देऊं नये.