अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते का?

२०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात तरंगताना आपण पाहिले. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते,’ हा जुना समज अशा वेळी हमखास कानावर येतो. तो साध्या आकडेमोडीने तपासता येतो.

पृथ्वीच्या केंद्रापासून आपण सुमारे ६,३७१ किलोमीटरवर असतो. स्थानक त्याहून जवळपास ४०० किलोमीटर उंच. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ६,३७१ ला ६,७७१ ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा: सुमारे ०.८८५. म्हणजे जमिनीवरच्या गुरुत्वाकर्षणापैकी ८८ टक्क्यांहून अधिक तिथेही शाबूत आहे!

मग माणसे तरंगतात कशी? स्थानक आणि त्यातली माणसे सतत पृथ्वीकडे पडतच असतात. पण ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने ती पुढेही धावतात, त्यामुळे जमिनीवर न आदळता साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतात. पायाखालची फरशीच सोबत पडत असल्याने वजन जाणवत नाही. गुरुत्वाकर्षण खरोखर नसते, तर स्थानक सरळ रेषेत कायमचे दूर निघून गेले असते.

अंतराळाविषयीचे विधान मुलांना सांगण्यापूर्वी शाळेतल्या सूत्रावर एकदा पारखून घ्यावे. त्या पडताळणीतूनच विज्ञान खऱ्या अर्थाने कळते.