रेसच्या गाडीला तेल कुठे नको

‘बेअरिंग कुरकुरलं? मार स्प्रे!’ 1:10 मापाची, रिमोटवर चालणारी इलेक्ट्रिक ऑफ-रोड बगी हाती आली की नवख्याला हा सल्ला हमखास मिळतो. दाराच्या बिजागरीला चालणारा डब्ल्यूडी-40 मग गाडीलाही बसतो, आणि चाक थोडा वेळ खरंच मोकळं फिरतं. पण हा स्प्रे मुळात ओल हटवण्यासाठी आहे. बेअरिंगमधली घाण तो सोडवतो आणि तिच्याबरोबर कामाचं वंगणही धुऊन नेतो. मागे उरणारा पातळ थर मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या छर्ऱ्यांना फार काळ पुरत नाही. धुण्यासाठी तो जरूर वापरा. पण त्यानंतर बेअरिंग पूर्ण सुकवा आणि बेअरिंग ऑइलचा एकच थेंब सोडा. रबरी झाकण असेल तर ते कटरच्या टोकाने अलगद उचललं जातं. धुऊन, सुकवून, तेल घालूनही बोटावर फिरवताना खरखर जाणवली, तर ते बेअरिंग बदलायचं. स्वस्तातलं बेअरिंग वाचवायला जाऊन मोटर तापवण्यात शहाणपण नाही.

दुर्लक्षामुळे गाड्या बिघडतात, हे खरंच आहे. पण चुकीच्या जागी केलेली काळजी त्याहून जास्त गाड्या खाते, असं माझं ठाम मत आहे. ‘जिथे हलतं तिथे तेल’ हा समज त्यातला सगळ्यात महागडा. सस्पेन्शनच्या पिना, प्लास्टिकचे बॉल-कप, उघडे पिनियन (मोटरीवरचा छोटा गिअर) आणि स्पर गिअर (त्याला भिडणारा मोठा) हे भाग कोरडेच चालायला हवेत. तिथे तेल सोडलं की ट्रॅकवरची माती त्यात कालवली जाते आणि सहाणेवर चंदन उगाळावं तसे गिअरचे दात उगाळले जातात. रेस संपली की जुन्या टूथब्रशने किंवा हवेच्या झोताने धूळ झाडा. मग शॉक काढून सस्पेन्शनचा प्रत्येक हात वर उचलून सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा. अडकला तर पिन वाकली आहे किंवा माती शिरली आहे. तेलाने यातलं काहीच सुधारत नाही.

गिअर घट्ट बसवले की ताकद वाया जात नाही, असंही सांगितलं जातं. प्रत्यक्षात दात एकमेकांत रुतले की मोटरीवरचा भार वाढतो आणि ती तापते. दोन्ही गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटरीचे स्क्रू आवळायचे, मग पट्टी फिरवून काढायची. उरलेली किंचित ढील हीच योग्य. स्पर गिअर नेहमी अगदी गोल असतोच असं नाही, म्हणून तो फिरवत तीन-चार ठिकाणी तपासा. पिनियन बदलला की हे सगळं पुन्हा करावं लागतं.

शॉकमध्ये मोटारसायकलचं तेल भरणारेही भेटतात. अनेक शॉकमधल्या सिलिकॉन रबरी रिंगा खनिज तेलाने फुगतात आणि दांडा अडकू लागतो. तिथे सिलिकॉन तेलच हवं, साधारण काहीशे सेंटिस्टोक जाडीचं. गिअर डिफरन्शियलला बहुधा काही हजार सेंटिस्टोकचं लागतं, त्यामुळे बाटल्यांची अदलाबदल चालत नाही. भरल्यावर दांडा हळूहळू वरखाली करून बुडबुडे निघून जाऊ द्या.

‘ब्रशलेस मोटरीकडे बघावं लागत नाही.’ हा समज जुन्या मोटरींच्या तुलनेतून आला. 1976 साली तामिया कंपनीची रिमोटची पोर्शे 934 आली तेव्हा ब्रशच्या मोटरी होत्या. कार्बनचे ब्रश झिजायचे, कम्युटेटर काळा पडायचा. ते काम आता गेलं, बेअरिंग मात्र राहिली. शिवाय रोटरचा निओडायमियम चुंबक फार तापला तर त्याची ताकद कायमची घटते. रेसनंतर लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटरीचं तापमान घ्या. ते 80 अंश सेल्सियसच्या वर जात असेल तर पिनियन लहान करा.

वॉटरप्रूफ गाडीत पाण्यापासून वाचतात ती इलेक्ट्रॉनिक्स. साधी पोलादी बेअरिंग आणि स्क्रू गंजतातच. कोकणातल्या पावसाळ्यात तर गाडी नुसती पेटीत ठेवली तरी गंजू शकते.

स्क्रू सैल होऊ नये म्हणून वापरायचं थ्रेडलॉक फक्त धातूत जाणाऱ्या धातूच्या स्क्रूला लावायचं. काही प्लास्टिकना त्यामुळे तडे जातात.

बॅटरीबद्दलचा जुना समज अजून ऐकू येतो: पूर्ण उतरवूनच चार्ज करा. तो निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियम पॉलिमरला अर्धवट चार्जची सवय लागत नाही. उलट सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की त्याचं नुकसान होतं. पूर्ण चार्ज म्हणजे सेलमागे 4.2 व्होल्ट, आणि त्या अवस्थेत पॅक आठवडाभर पडून राहिला तरी तो लवकर म्हातारा होतो, फुगूही शकतो. पुढची रेस लांब असेल तर चार्जरच्या स्टोरेज मोडने सेल सुमारे 3.8 व्होल्टवर आणून ठेवा. रेसनंतर पॅक आधी गार होऊ द्या, मग बॅलन्स चार्ज करा. 5000 मिलिअँपिअर-अवरच्या पॅकला 5 अँपिअर ही सांभाळून धरलेली गती. चार्जिंगच्या वेळी समोर थांबा, आणि मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात बंद मोटारीत पॅक ठेवू नका. फुगलेला पॅक दाबून, टोचून सरळ करायचा नसतो आणि पुन्हा चार्जही करायचा नसतो. तो घराबाहेर, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.