नुसती ‘कंबरदुखी’ लिहून भागत नाही

कापूस वेचून, मका काढून फुलंब्रीच्या ग्रामीण रुग्णालयात आलेला माणूस केसपेपर काढतो आणि एवढेच सांगतो, ‘कंबर लई दुखतीय.’ डॉक्टरांनीही तेवढेच लिहिले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० वर्गीकरणात त्याचा कोड होतो एम ५४.५. कळ मांडीतून पायात उतरत असेल तर एम ५४.४, चकती सरकून शीर दबली असेल तर एम ५१.१. मणक्याचा क्षय निघाला तर ए १८.०.

कोड भरतो संगणकावरचा कर्मचारी, पण तो ठरतो डॉक्टरांच्या नोंदीवरून. अमेरिकेत मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरांना १ ऑक्टोबर २०१५ पासून बिलासाठी हे कोड शिकावे लागले. तिथे २०२१ मध्ये एकट्या एम ५४.५ चे तीन तुकडे झाले. आता आयसीडी-११ आले आहे. त्यात कंबरदुखीचा कोड एमई ८४.२. म्हणजे पुन्हा नवी उजळणी!

बिलाचे एक वेळ निभावेल. पण संध्याकाळचा ताप, घटलेले वजन, पाठीवरचा उंचवटा कागदावर आलाच नाही, तर क्षय ‘कंबरदुखी’त लपून राहतो. असा मणका कुणी झटका देऊन ‘बसवला’, तर पाय लुळे पडू शकतात. नोंद झाली, तर क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पायांतले बळ कमी झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर चोळत न बसता त्याच दिवशी घाटी गाठावी; केसपेपर सोबत न्यावा.