गिटारच्या पोटातील वीजघर

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील भंडारदऱ्याचे धरण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. प्रवरा नदीवरील हे सुमारे ८२ मीटर उंचीचे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. पुढे त्याच्या पायथ्याशी वीजघर उभे राहिले. कोंडलेले पाणी टर्बाइन फिरवते, त्याच्याबरोबर चुंबके फिरतात आणि भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषांची संख्या बदलत राहिली की त्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो, हा नियम मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली शोधला.

विजेची गिटार ह्याच नियमावर बोलते! तिच्या तारांखाली ‘पिकअप’ नावाची एक पट्टी असते. आत असतात चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षाही बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. पण येथे चुंबक फिरत नाही आणि वेटोळेही जागचे हलत नाही. मग बलरेषा बदलतात कशाने? गिटारची तार पोलादाची असते. चुंबकाजवळ असल्यामुळे तिचा तेवढा भाग स्वतःच चुंबक बनतो. तार छेडली की हे इवलेसे चुंबक वेटोळ्यावर थरथरू लागते. तार सेकंदाला ११० वेळा कंप पावली, तर वेटोळ्यातील दाबही ११० वेळा खालीवर होतो. हा दाब व्होल्टच्या शंभराव्या-दहाव्या हिश्शाइतकाच असतो. विवर्धक त्याला मोठा करून लाउडस्पीकरकडे पाठवतो. पितळेची तार लावून पाहा, पिकअप मुका राहील. सतारीवर पोलादी व पितळी अशा दोन्ही तारा असतात, म्हणून असा पिकअप सतारीला लावला तर तिचे अर्धेच बोलणे त्याला ऐकू येईल.

अशी गिटार घरी बनवता येते काय? सुतारकामाचा हात आणि धीर असेल, तर येते. बऱ्याच हौशी मंडळींनी ती बनवली आहे. आपण येथे अर्ध-पोकळ गिटारचा विचार करू, कारण विज्ञान तिच्यातच अधिक आहे.

मिरजेच्या कारागिरांनी बनवलेल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील तंबोऱ्याचा भोपळा पोकळ असतो, कारण तारेचा क्षीण आवाज तबली आणि आतली हवा मोठा करतात. विजेच्या गिटारला ह्या मदतीची गरज नाही, उलट तिचा त्रासच होतो. शाळेच्या संमेलनात कर्ण्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून कशी कर्कश किंकाळी उठते, ते तुम्ही ऐकले आहेच. पोकळ गिटारमध्येही तसेच घडते. लाउडस्पीकरच्या आवाजाने तिची पातळ तबली थरथरते, तबली तारांना हलवते आणि तोच आवाज पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो. गिटार भरीव केली की किंकाळी थांबते, पण स्वरातील ऊबही थोडी जाते. गिब्सन कंपनीने १९५८ साली मधला मार्ग काढला. दोन्ही कुशी पोकळ ठेवायच्या, पण मधोमध मानेपासून शेपटीपर्यंत लाकडाचा भरीव ठोकळा बसवायचा आणि पिकअप त्या ठोकळ्यातच रोवायचे.

लाकूड पूर्ण मुरलेले हवे. पट्टीसाठी आपल्या सह्याद्रीतली शिसव उत्तम. परदेशी गिटारांवरही ती मानाने मिरवते. मात्र भंडारदरा-घाटघरसारख्या मुसळधार पावसाच्या मुलखात पावसाळ्यात सरस लावू नये. ओल्या हवेत फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आक्रसते आणि सांधे उकलतात.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे सरकवता येतात. गिटारचे पडदे पट्टीत कायमचे ठोकलेले असतात, म्हणून आधी गणित हवे. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरा. तिला १७.८१७ ने भागा, ३६.४ मिलिमीटरवर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागत चला. बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर आला तर गणित बरोबर.

आता वीजजोडणी. येथे एक गंमत आहे. भंडारदऱ्याची वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते आणि घरातील प्रत्येक तारेभोवती तसेच बदलते चुंबकीय क्षेत्र असते. आपल्या वेटोळ्याला ते गिटारच्या तारेपासून वेगळे ओळखता येत नाही. त्यामुळे एकेरी वेटोळ्याचा पिकअप सतत गुणगुणतो! ह्यावर सेथ लव्हर यांनी १९५५ साली सुचवलेला उपाय मला फार देखणा वाटतो. दोन वेटोळी शेजारी ठेवा. दुसऱ्याचे वेढे उलटे जोडा आणि त्याचे चुंबकही उलटे करा. बाहेरून आलेल्या क्षेत्राला चुंबकाशी कर्तव्य नसते. ते दोन वेटोळ्यांत विरुद्ध दाब निर्माण करते आणि गुणगुण मिटते. तारेच्या बाबतीत मात्र वेढे उलटे, चुंबकही उलटे. ऋण गुणिले ऋण बरोबर धन! तारेचा आवाज दुप्पट होतो.

पिकअपची एक तार आवाजाच्या चल रोधकाच्या (५ लाख ओहम) एका कडेच्या टोकाला, मधले टोक जॅकला आणि उरलेले टोक रोधकाच्या पत्र्याच्या कवचाला डाख देऊन जोडा. स्वराचा तिखटपणा कमी-जास्त करायला दुसरा चल रोधक आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचे धारित्र लागते. हे धारित्र सेकंदाला ३०० कंपनांच्या स्वराला सुमारे २४ हजार ओहमचा अडथळा करते, पण ३,००० कंपनांच्या स्वराला केवळ २,४०० ओहमचा. म्हणून तीव्र भाग धारित्रातून जमिनीच्या तारेकडे निसटतो आणि खर्ज मागे राहतो.

अर्ध-पोकळ गिटारला मागे झाकण नसते. सगळी जोडणी आधी पुठ्ठ्यावर, योग्य अंतरे राखून, जाळीचे वेष्टन असलेल्या तारेने करा. पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हरने हलकी टिचकी मारून ‘टक्’ असा आवाज येतो का ते पाहा. मगच प्रत्येक भागाला दोरा बांधून तबलीवरील लांबट छिद्रातून आत सोडा आणि दोरा ओढून ज्याच्या त्याच्या भोकातून वर काढा. ह्यात अर्धी दुपार सहज जाते.

एक तार घोडीपासून जमिनीच्या जोडणीला न्यावी लागते. त्यामुळे वाजवणाऱ्याचा हात थेट विवर्धकाच्या कवचाशी जोडला जातो. विवर्धक सदोष असेल, तर मुख्य विजेचा धक्का तारांमधून जिवावर बेतू शकतो. म्हणून पहिले प्रयोग बॅटरीवरच्या छोट्या विवर्धकावर करा. मुख्य विजेवरचा वापरायचा झाल्यास तीन पिनांचा प्लग आणि शाळेतील अर्थिंग शिक्षकांकडून तपासून घ्या. त्याचे कवच स्वतः उघडू नका, कारण प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या धारित्रांत विद्युत्‌भार काही काळ शिल्लक असतो.